स्वतःची उद्देशिका कशी लिहायची: संविधान घडवणाऱ्यांकडून उचललेली पद्धत

शाळेत प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला संविधानाची उद्देशिका छापलेली असायची. आम्ही ती घडाघडा म्हणायचो आणि "प्रवर्धित" या शब्दाला हमखास अडखळायचो, त्याचा अर्थ कुणी विचारला नाही आणि कुणी सांगितलाही नाही. तिचा शेवट "स्वतःप्रत अर्पण करीत आहोत" असा आहे. हे चार शब्द मला तिशी उलटल्यावर, एका फार वाईट वर्षात, पहिल्यांदा खरे कळले. ही माणसं देवाकडून किंवा राजाकडून काही मागून घेत नव्हती, आपल्याला कशासाठी एकत्र राहायचंय हे त्यांनी बसून, भांडून, खोडून, परत लिहून ठरवलं आणि स्वतःलाच दिलं. तेव्हा मनात आलं की हे एकट्या माणसालाही करता येईल की.

त्याच वर्षी कंपनीच्या एका ट्रेनिंगमध्ये आम्हाला साठेक शब्दांची यादी दिली होती, यातले तुमचे कोअर व्हॅल्यूज निवडा म्हणून. मी प्रामाणिकपणा, कुटुंब, शिस्त, प्रगती आणि टीमवर्कवर टिक केली, चहा प्यायले, विषय संपला. त्याच आठवड्यात साहेबांनी न झालेल्या तपासणीच्या रिपोर्टवर सही करायला सांगितली आणि मी केली. प्रामाणिकपणा हा शब्द मला त्या क्षणी आठवलासुद्धा नाही. घरी येऊन रात्री आठवला. यादीतून उचललेले शब्द दिसायला छान असतात पण वेळेला धावून येत नाहीत, हे त्या रात्री कळलं.

म्हणून खाली सांगतेय ती पद्धत यादीची नाही. घटना समितीने जसं काम केलं तसं काम आपण आपल्यावर करायचं. एक वही, एक पेन्सिल (पेन नको, कारण खोडायचं भरपूर आहे) आणि दोन-तीन महिने, आठवड्यातून एखादी संध्याकाळ. त्यांना २ वर्षं ११ महिने आणि वर काही दिवस लागले, आपल्याला दोन महिने जड वाटायला नकोत.

आधी दिशा, मग कलमं

घटना समितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ला भरली. पहिल्याच दिवशी कुणी कलम एक, कलम दोन लिहायला बसलं नाही. १३ डिसेंबरला नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला, म्हणजे आपण नेमकं काय करायला जमलोय याचं एक टिपण. आणि तो लगेच पासही झाला नाही. बॅरिस्टर जयकर म्हणाले की मुस्लिम लीगचे लोक अजून आले नाहीत, थोडं थांबू या, आणि बाबासाहेबांनीही १७ डिसेंबरला उभं राहून थांबण्याच्या बाजूने भाषण केलं. ठराव मंजूर झाला २२ जानेवारी १९४७ ला, म्हणजे चाळीस दिवसांनी.

आपणही तेच करायचं. वहीच्या पहिल्या पानावर पाच-सहा ओळीत लिहा की हे सगळं आत्ता का करावंसं वाटतंय. नोकरी बदलायचीय का, लग्नाचा प्रश्न आहे का, आईवडिलांचं वय झालंय म्हणून काळजी आहे का, की सगळं ठीक असून आतून रिकामं वाटतंय. "सत्य", "यश", "समाधान" असले मोठे शब्द या पानावर येऊ देऊ नका, साधं लिहा. माझ्या पानावर होतं, "मला सकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये आरशात बघवत नाही." बस. एवढ्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. हे पान महिनाभर तसंच ठेवा, पक्कं करायची घाई नको, कारण तुमच्यातलाही कुणीतरी अजून बैठकीला आलेला नसतो.

दुखलेली जागा शोधा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा म्हणून इथे मी वेळ घेणार आहे.

१९०१ साली साताऱ्याहून काही लहान मुलं आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. वडील गोरेगावला नोकरीला होते, त्यांच्याकडे सुट्टीला निघालेली. चांगले कपडे घातलेले होते म्हणून स्टेशनमास्तरला वाटलं की उच्च जातीतली असतील, आणि महार आहोत असं मुलांनी सांगितल्यावर त्याचा चेहराच बदलला. एकही बैलगाडीवाला न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एकजण तयार झाला, तेही मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि त्याने शेजारून चालायचं या अटीवर. रात्री जवळ डबा होता पण कुणी पाणी देईना, त्यामुळे जेवता आलं नाही. त्यातलं एक मूल म्हणजे भीमराव. पुढे परदेशात शिकून आल्यावर १९१७ मध्ये बडोद्याला त्यांना राहत्या जागेतून बाहेर काढलं गेलं. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर ते आणि हजारो माणसं पाणी प्यायला गेली. नगरपालिकेने कागदावर तळं आधीच खुलं केलं होतं, तरी प्रत्यक्षात हात लावू देत नव्हते, आणि नंतरचा कोर्टातला खटला १९३७ पर्यंत चालला.

आता संविधानाचं कलम १५ उघडा आणि त्यातला दुसरा भाग वाचा. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. नावं घेऊन लिहिलंय. "सर्वांना समान वागणूक मिळेल" एवढं एक गुळगुळीत वाक्य लिहून भागलं असतं, पण तिथे विहीर आहे, तळं आहे, रस्ता आहे. मी हे पहिल्यांदा लक्ष देऊन वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. मसूरच्या रस्त्यावरची ती तहान आणि महाडचं ते तळं देशाच्या कायद्यात शब्दशः येऊन बसलंय.

यातून आपल्यासाठी पद्धत अशी निघते. वहीच्या एका पानावर तीन रकाने आखा. पहिला, कधी राग आला असा की झोप उडाली. दुसरा, कधी लाज वाटली, म्हणजे स्वतःची. तिसरा, कधी काहीतरी गमावून एखादी गोष्ट केली, पैसे, मैत्री, बढती, काहीही. प्रत्येक रकान्यात चार-पाच प्रसंग लिहा आणि प्रसंगच लिहा, मत नको. तारीख, जागा, कोण काय बोललं, आपण काय केलं. "मला अन्याय आवडत नाही" हे मत झालं. त्याने काही हाती लागत नाही, अन्याय कुणालाच आवडत नाही.

माझ्या लाजेच्या रकान्यातला एक प्रसंग सांगते. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकांनी मुद्दा काढला की वॉचमन काका दुपारी डुलक्या घेतात, तर केबिनमधली खुर्ची काढून टाका. पंधरा-वीस माणसं होती, दोघं-तिघं हसले, बाकी सगळे गप्प, आणि गप्प बसलेल्यांत मी पण. दुसऱ्या दिवशी खुर्ची गेली. काका साठीच्या पुढचे, पाय सुजायचे त्यांचे, ते गेटच्या लोखंडी पाइपला टेकून उभे राहायला लागले. मी रोज गाडी काढताना तिकडे बघायचं टाळायचे. तीन महिने टाळलं. वहीत हे लिहिल्यावर मला दिसलं की माझ्या रागाच्या रकान्यातले पाचपैकी तीन प्रसंगही याच जातीचे आहेत, कुणालातरी ताटकळत ठेवणं, कुणालातरी सगळ्यांसमोर खाली बघायला लावणं. ट्रेनिंगच्या यादीत मी "सन्मान" या शब्दाकडे बघितलंही नव्हतं. पण माझं पहिलं मूल्य ते निघालं.

आणि मग ते विहिरीइतकं, तळ्याइतकं ठोस करायचं. "मी माणसांचा सन्मान करीन" असं लिहाल तर ते पुन्हा ट्रेनिंगच्या यादीतच जाऊन बसेल. मी लिहिलं, "माझ्या दारात आलेल्या माणसाला मी आधी बसायला सांगेन, आणि पाणी आम्ही पितो त्याच पेल्यात देईन. चारचौघांत कुणाची खुर्ची काढायची गोष्ट निघाली तर मी त्याच वेळी बोलेन, नंतर नाही." पुढच्या मीटिंगला मी बोलले. आवाज कापत होता. खुर्ची परत आली, आणि एक ओळखीच्या बाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

जो शब्द यादीत नाही तो बघा

ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते म्हणून सांगते. नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावात न्याय, स्वातंत्र्य, समानता होतं, पण बंधुता हा शब्द नव्हता. तो मसुदा समितीने घातला. २१ फेब्रुवारी १९४८ ला मसुदा सादर करताना बाबासाहेबांनी पत्रात कारणही दिलं, की आपसातला बंधुभाव आणि सद्भाव यांची गरज आजच्याइतकी कधीच नव्हती. फाळणी होऊन सहा महिने झाले होते आणि गांधीजींचा खून होऊन तीन आठवडे. काय चाललं होतं देशात ते बघून त्यांनी शब्द घातला.

तर तीन रकाने झाले, त्यातून चार-पाच मूल्यं निघाली की एक संध्याकाळ फक्त यासाठी ठेवा, की माझ्या आत्ताच्या आयुष्याला कशाची गरज आहे जे या पानावर नाहीये. जुन्या जखमांमधून जे निघतं ते खरं असतं पण पूर्ण नसतं. माझ्या पानावर सगळे लढायचे शब्द होते. त्या वर्षी बाबांचं ऑपरेशन झालं होतं आणि मी औषधं, रिपोर्ट, इन्शुरन्सचे फॉर्म सगळं चोख केलं होतं पण त्यांच्याजवळ अशी बसलेच नव्हते. तर मी "सोबत" हा शब्द घातला. तो कुठल्याही तयार यादीत सापडणार नाही, आणि सापडायची गरजही नाही.

दोन याद्या वेगळ्या ठेवा

संविधानात मूलभूत हक्क वेगळे आहेत आणि मार्गदर्शक तत्त्वं वेगळी. हक्क मोडला तर कोर्टात जाता येतं, कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात. मार्गदर्शक तत्त्वांसाठी कोर्टात जाता येत नाही, कलम ३७ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय, पण त्याच वाक्यात हेही लिहिलंय की देशाच्या कारभारासाठी ती मूलभूत आहेत. एक म्हणजे आजपासून मोडायचं नाही असं, आणि दुसरं म्हणजे तिकडे चालत राहायचं असं.

आपण बहुतेक वेळा ही दोन्ही एकाच पिशवीत कोंबतो आणि मग सगळ्याचंच अपराधीपण घेऊन फिरतो. "खोट्या कागदावर सही करणार नाही" आणि "रोज वाचन करीन" या दोन गोष्टी एका वजनाच्या नाहीत. पहिली मोडली तर मी स्वतःला जाब विचारायला हवा, दुसरी आठवडाभर राहिली तर राहिली, पुन्हा सुरू करायची. डाव्या पानावर हक्क लिहा, म्हणजे मोडायच्या नाहीत अशा, आणि त्या चारपेक्षा जास्त नकोत. उजव्या पानावर तत्त्वं, ती दहा असली तरी चालतील. डाव्या पानावरची प्रत्येक ओळ अशी हवी की ती मोडली का नाही याचं उत्तर हो किंवा नाही मध्ये देता आलं पाहिजे. "जास्त दयाळू होईन" हे डाव्या पानावर चालत नाही.

प्रत्येक स्वातंत्र्याला "पण" असतो

कलम १९ काढून बघा. आधी भाषण, अभिव्यक्ती, शांततेने जमणं, संघटना अशी स्वातंत्र्यं दिलीत आणि लगेच खाली प्रत्येकाला मर्यादा. यावर समितीत खूप टीका झाली, एका हाताने देता आणि दुसऱ्या हाताने काढून घेता म्हणून. बाबासाहेबांचं उत्तर होतं की अमेरिकेतसुद्धा हक्क निरंकुश नाहीत, तिथे मर्यादा कोर्टाने घातल्या, आपण त्या आधीच लिहून ठेवतोय. टीका करणाऱ्यांचं मला अर्धं पटतं, कारण मर्यादेचा गैरवापर होतो हे आपण पाहतो. पण स्वतःपुरतं बघायचं तर "पण" आधी लिहिलेला बरा, कारण आपलं प्रत्येक मूल्य जास्त झालं की कुणालातरी लागतं. माझं "खरं बोलणं" घरात नणंदेला किती वेळा लागलंय हे मला माहीत आहे. म्हणून वहीत आहे, "खरं बोलेन, पण ते त्या माणसाला एकट्यात सांगता येणार असेल तर चारचौघांत सांगणार नाही." वॉचमन काकांच्या खुर्चीसारखी गोष्ट एकट्यात सांगून भागत नाही, तिथे हा "पण" लागू नाही, तेही लिहून ठेवलंय.

मसुदा भांडणाऱ्या माणसाला दाखवा

मसुदा लोकांसमोर आठ महिने होता. त्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या आल्या आणि त्यातल्या २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, हे आकडे बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दिलेत. त्याच भाषणात त्यांनी सतत विरोध करणाऱ्यांची नावं घेऊन कदर केली, कामत, अमरावतीचे पंजाबराव देशमुख, सिधवा, सक्सेना, ठाकूरदास भार्गव, के. टी. शाह, कुंझरू. ही बंडखोर माणसं नसती तर ही नुसती होयबांची सभा झाली असती, अशा अर्थाचं ते बोलले. ज्यांनी पदोपदी अडवलं त्यांच्याबद्दल शेवटच्या दिवसांत असं बोलणं, मला हे भाषण त्यासाठी फार आवडतं.

यातलेच ह. वि. कामत. १७ ऑक्टोबर १९४९ ला उद्देशिकेवर चर्चा होती आणि त्यांनी सुचवलं की सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी. ते स्वतः मनापासून श्रद्धावान. पण कुंझरूंसारखे काही सदस्य उभे राहिले आणि म्हणाले की श्रद्धा ही ज्याची त्याची गोष्ट, ती सगळ्यांवर लादणं हा संकुचितपणा आहे. मतदान झालं, बाजूने ४१ आणि विरोधात ६८. ठराव पडला. म्हणजे बहुतेक सदस्य देव मानणारे असतील अशा सभेने स्वतःची श्रद्धा आणि सगळ्यांचं संविधान यात फरक केला. आपल्या वहीतही असे काही शब्द असतात जे आपले नसतात, आजीचे असतात, समाजाचे असतात, आणि ते काढायला हात धजावत नाही. ते काढायलाच हवेत असं माझं म्हणणं नाही. पण मतदानाला टाका. विचारा की हे मी मानते म्हणून इथे आहे की नसलं तर कुणीतरी काय म्हणेल म्हणून आहे.

दुसरी बाजूही बघा. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी खेड्यांवर कडाडून टीका केली होती, खेडं म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं आगर अशी. लोक चिडले, कारण गांधीजींचं सगळं स्वप्न ग्रामस्वराज्याचं. अडीच-तीन आठवड्यात, २२ नोव्हेंबरला, के. संथानम यांनी ग्रामपंचायतींची दुरुस्ती आणली आणि बाबासाहेबांनी ती सरळ स्वीकारली. आज ते कलम ४० आहे. त्यांचं खेड्याबद्दलचं मत बदललं असं मला वाटत नाही. पण त्यांचं मत काय आणि ज्यावर तडजोड नाही ते काय, यातला फरक त्यांना ठाऊक होता. अस्पृश्यता बंद करणाऱ्या कलम १७ वर ते असे मागे हटले असते का, विचार करा. आपल्याकडे बऱ्याचदा उलटं होतं, मतासाठी जीव द्यायला निघतो आणि मूल्य सहज सोडून देतो.

तर मसुदा दोन माणसांना दाखवा, तिसरं नको. एक जो तुमच्यावर माया करतो आणि एक जो तुमच्याशी वाद घालतो. त्यांना विचारू नका की कसं वाटलं. विचारा, "यातली कुठली ओळ तुला माझ्या वागण्यात दिसत नाही?" उत्तर आल्यावर त्या दिवशी काही बोलू नका, नुसतं लिहून घ्या. माझ्या भावाने "वेळेवर पोचणं" या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ऑफिसला पोचतेस, आमच्याकडे कधी पोचलीस? ती ओळ उजव्या पानावर गेली.

किंमत मोजून बघा

१९२३ साली काकीनाड्याला काँग्रेसचं अधिवेशन होतं आणि तिथे खादीचं प्रदर्शन भरलं होतं. दारावर चौदा वर्षांची एक स्वयंसेविका, तिला सांगितलेलं की तिकिटाशिवाय कुणालाही सोडायचं नाही. नेहरू आले, तिकीट नव्हतं, तिने अडवलं. आयोजक तिच्यावर रागावले, पण तिकीट काढल्यावरच ते आत गेले. ती मुलगी म्हणजे दुर्गाबाई, ज्या पुढे घटना समितीत बसल्या, त्या सभेतल्या पंधरा स्त्रियांपैकी एक. पुढे १९५३ मध्ये त्यांचं लग्न चिंतामणराव देशमुखांशी झालं, आणि चिंतामणरावांनी १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर देशाच्या अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. एक तिकिटाची गोष्ट आणि एक मंत्रिपदाची. मला तिकिटाची जास्त उपयोगाची वाटते कारण आपल्या वाट्याला तिकिटंच येतात.

आणि गोखल्यांचं १८९७. ते घटना समितीच्या फार आधीचे, १९१५ लाच गेले, पण हा देश उभा करणाऱ्यांत त्यांना धरायलाच हवं, गांधीजी त्यांना राजकीय गुरू म्हणायचे. भारताच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते इंग्लंडला गेले होते, इकडे पुण्यात प्लेग, घरोघर झडत्या, सोल्जरांचा धुमाकूळ. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तिथे सैनिकांवर स्त्रियांशी दुर्वर्तनाचे आरोप केले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला आणि तो उभा करता येईना. त्यांनी जाहीर माफी मागितली. इंग्रजांनी खोटारडा म्हणायचं ते म्हटलंच, पण आपल्या लोकांनी भित्रा म्हटलं, ते जास्त लागलं असणार. झडत्यांमध्ये अत्याचार होत होते हे पुण्यातला प्रत्येक माणूस सांगत होता, पण आपण केलेलं विधान आपल्याला सिद्ध करता येत नाही एवढं एक त्यांनी धरलं. मी वहीत ही गोष्ट चार वेळा लिहून काढली. मी असते तर काय केलं असतं याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

डाव्या पानावरच्या प्रत्येक ओळीसमोर लिहा, गेल्या दोन वर्षांत या ओळीपायी माझं काय गेलं. काहीच गेलं नसेल तर ती ओळ खोटीच असेल असं नाही, कधी परीक्षाच आलेली नसते. पण मग समोर लिहून ठेवा, "अजून पारखलेलं नाही". आणि परीक्षा आली होती, तुम्ही मागे हटलात, हे आठवलं तर तेही लिहा. माझ्या सहीचा रिपोर्ट तिथे लिहिलेला आहे, तारखेसकट.

एका बाबतीत सांभाळा. ही माणसं वाचताना त्यांच्या पाया पडायची फार इच्छा होते, आणि मग त्यांची मूल्यं आपण जशीच्या तशी अंगावर घालतो. बाबासाहेबांनीच त्या शेवटच्या भाषणात बजावलंय की धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, राजकारणात ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. शिवाय ही सगळी माणसं एका सुरात बोलणारी नव्हतीच. गांधीजी आणि बाबासाहेब येरवड्यात पुणे कराराच्या वेळी, सप्टेंबर १९३२ मध्ये, समोरासमोर होते आणि दोघांच्या पाठीशी खरं दुःख होतं. हॉकीच्या १९२८ च्या ऑलिंपिक सुवर्णपदकाच्या संघाचे कॅप्टन जयपालसिंग मुंडा घटना समितीत उठून म्हणाले की आदिवासींना तुम्ही लोकशाही शिकवू शकत नाही, ती तुम्ही त्यांच्याकडून शिकायला हवी. हंसा मेहतांनी सांगितलं की आम्ही बायकांनी खास सवलती कधी मागितल्या नाहीत, सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय मागितला. प्रत्येकजण आपली दुखलेली जागा घेऊन तिथे बसला होता. तुमची तुम्ही घेऊन बसा.

सही आणि दुरुस्ती

संविधान २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलं गेलं पण सदस्यांच्या सह्या २४ जानेवारी १९५० ला झाल्या. मी हे अंतर जसंच्या तसं उचललं. पान पूर्ण झालं की तारीख घाला आणि दोन महिने सही करू नका. त्या दोन महिन्यांत फक्त वागून बघा. मग पेनने लिहा आणि खाली नाव लिहा.

सही झाली म्हणजे कायमचं झालं असंही नाही. पहिली घटनादुरुस्ती १९५१ मध्येच झाली, अंमल सुरू होऊन दीड वर्षसुद्धा झालं नव्हतं. पण दुरुस्ती सहज करता येऊ नये म्हणून कलम ३६८ मध्ये दोन तृतीयांश मतांची अट आहे. माझी अट अशी आहे की डाव्या पानावरची ओळ बदलायची तर वर्षातून एकदाच, नोव्हेंबरच्या शेवटी, आणि रागात किंवा हरल्यावर कधीच नाही. उजव्या पानावर कधीही खोडाखोड चालते.

जे जमलं नाही तेही लिहून ठेवायला जागा सोडा. राजेंद्रप्रसादांनी २६ नोव्हेंबरच्या समारोपाच्या भाषणात दोन खंती सांगितल्या होत्या, एक म्हणजे आमदार-खासदार होण्यासाठी काही पात्रता घालता आली नाही आणि दुसरी म्हणजे स्वतंत्र भारताचं पहिलं संविधान भारतीय भाषेत लिहिता आलं नाही. एवढं मोठं काम संपवून त्याच दिवशी, भरल्या सभेत अध्यक्ष हे बोलले. माझ्या वहीत शेवटच्या पानावर "खंत" असं लिहून खाली दोन ओळी आहेत, त्या इथे सांगत नाही.

डाव्या पानावर माझ्या तीन ओळी पेनने आहेत. चौथी, "सोबत"ची, अजून पेन्सिलनेच आहे, कारण ती बाबांना वाचून दाखवल्याशिवाय पक्की करायची नाही असं ठरवलंय. रविवारी जातेय त्यांच्याकडे, या वेळी फाइल घरी ठेवून.